कोऱ्या पानासमोर बसलेली मुले

“साहेब, एवढं भरून देता का?”

हे वाक्य मी छत्तीस वर्षे ऐकले. १९८३ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून म्हणून लागलो आणि २०१९ मध्ये शाखाधिकारी म्हणून बाहेर पडलो. सुरुवातीच्या वर्षांत हे वाक्य बोलणाऱ्यांचे चेहरे ठरलेले असत. डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी, पटका बांधलेला शेतकरी, गवंड्याच्या हाताखाली काम करणारा एखादा मजूर. त्यांना शाळाच लाभलेली नव्हती. स्लिप भरून दिली, अंगठ्याला शाई लावली, की काम संपे.

शेवटच्या दहा-बारा वर्षांत चेहरे बदलले. जीन्स घातलेला, हातात माझ्यापेक्षा महागडा मोबाइल असलेला, बारावी झालेला मुलगा काउंटरशी येई. पासबुक हरवलेले असे. चार ओळींचा अर्ज हवा. मी कोरा कागद पुढे सरकवी. तो कागदाकडे पाही, पेनचे टोपण काढी, पुन्हा लावी आणि विचारी, “काय लिहू?”

“काय झालं ते लिही.”

“ते खरं, पण लिहू काय?”

मागे रांग वाढत असे. शेवटी मी तोंडाने सांगे आणि तो लिहून घेई. भराभर आणि बहुधा वळणदार अक्षरात. गंमत इथेच होती. त्याला लिहून घेता येत होते, लिहिता येत नव्हते.

हा फरक नोकरीत असताना माझ्या ध्यानात आला नाही. चार कादंबऱ्या नावावर असूनही आला नाही. लिहिणे ही आपली खाजगी मिरासदारी, बाकीच्यांना ती नसली तर बिघडले कुठे, असाच काहीसा माझा समज असावा. निवृत्तीनंतर आमच्या कृष्णाकाठच्या गावातल्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी मला मागच्या खोलीत नेऊन बसवले आणि सांगितले, “नववी-दहावीची पोरं येतात हो, पण निबंध म्हटला की पळतात. शनिवारी संध्याकाळी दोन तास बसा त्यांच्यात.” मधली करोनाची वर्षे सोडली तर तेव्हापासून मी बसतो आहे. जे काही सांगणार आहे ते त्या खोलीतले आहे. मी शिक्षणतज्ज्ञ नाही.

त्या खोलीबाहेरचे चित्र आधी पाहू. २०२५ च्या दहावीच्या परीक्षेत महाराष्ट्रात ९४.१० टक्के मुले उत्तीर्ण झाली. आकडा आनंदाचा आहे. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा लागतो. ‘प्रथम’ ही संस्था ‘असर’ नावाचा शिक्षणविषयक अहवाल काढते. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या अहवालासाठी २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या ३४,७४५ मुलामुलींना भेटण्यात आले. त्यांतल्या सुमारे २५ टक्क्यांना स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा नीट वाचता आला नाही. हे वाचनाचे झाले. मुलांना भागाकार घालून पाहिला, इंग्रजी वाक्ये वाचून घेतली, मोबाइलवर काय काय करता येते तेही विचारले. चार ओळी स्वतःच्या मनाने लिहा, असे मात्र कोणी म्हटले नाही. यात त्या संस्थेचा दोष नाही. लिहिणे मोजायला अवघड असते. पण बँकेत शिकलेली एक गोष्ट सांगतो : जे खाते कोणी तपासत नाही, त्याच्यातच गडबड वाढत जाते.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासननिर्णय निघाला, महाराष्ट्रभर वादळ उठले आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. त्या वादात मीही तावातावाने बोललो आहे. पहिलीच्या पोरावर तिसऱ्या भाषेचे ओझे नको, हे माझे मत आजही कायम आहे. मात्र त्याच आठवड्यात, शनिवारी, माझ्यासमोर दहावीतली अकरा मुले बसली होती. त्यांतल्या सात जणांना पहिल्या भाषेत, म्हणजे आईच्या भाषेत, काल काय झाले ते लिहिता येत नव्हते. कोणती भाषा कोणत्या इयत्तेत, यावर आपण जेवढे भांडलो त्याच्या शतांश तरी, ती भाषा वापरून मूल काय करू शकते यावर बोललो असतो तर बरे झाले असते.

आता हे होते कसे? माझे उत्तर एका शब्दात सापडते, आणि तो शब्द आपल्या घराघरांतला आहे. ‘शुद्धलेखन’. मराठी घरात आई मुलाला म्हणते, “शुद्धलेखन काढलंस का?” म्हणजे काय? तर पाठ्यपुस्तकातल्या दहा ओळी वहीत उतरवल्यास का? लिहिण्याच्या सरावाला आपण जे नाव दिले आहे, त्याचा घरातला अर्थच नक्कल हा आहे. पहिलीपासून मूल फळ्यावरून वहीत उतरवते, पुस्तकातून वहीत उतरवते, प्रश्नांची उत्तरे बाई सांगतात ती उतरवते. निबंध मार्गदर्शकातून उतरवते आणि पाठ करते. दहा वर्षे अखंड हात चालतो आणि या दहा वर्षांत ‘तुला काय वाटले ते सांग’ असे त्या हाताला क्वचितच कोणी म्हणते.

शिक्षकांवर खापर फोडण्याचा माझा विचार नाही. जुनी सवय म्हणून मी एकदा हिशेब मांडला. वर्गात साठ मुले. एक निबंध नीट वाचून त्यावर दोन ओळी लिहायच्या तर दहा मिनिटे तरी हवीत. सहाशे मिनिटे, म्हणजे दहा तास. तीन तुकड्या असतील तर तीस तास. हे एका निबंधाचे झाले. वर निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, ऑनलाइन भरायची माहिती. अशा बाईंनी लाल पेनने वेलांट्यांना गोल करून सही ठोकली, तर त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

मंडळानेही प्रयत्न केला नाही असे नाही. २०१८-१९ पासून दहावीच्या मराठीला प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली. पत्र, बातमी, जाहिरात, कथा, सारांश असे ‘उपयोजित लेखन’ आले. पाठांतराला चाप बसावा हा हेतू स्पष्ट होता आणि तो चांगलाच होता. पण बाजारातली मार्गदर्शके आपल्यापेक्षा चपळ. जाहिरातींचे तयार नमुने, बातम्यांचे तयार नमुने लगेच छापून आले. मुले आता जाहिरात पाठ करतात.

माझ्या खोलीत असाच एक मुलगा आला. अक्षर मोत्यासारखे. ‘सूर्य उगवला नाही तर’ हा निबंध त्याने मला पाऊण पान लिहून दाखवला. मी म्हटले, छान. आता आज इथे येताना वाटेत काय दिसले ते पाच ओळीत लिही. पंधरा मिनिटांनी कागदावर फक्त तारीख होती. मी म्हटले, राहू दे, सांग नुसते.

मग तो बोलू लागला. घरची शेळी सकाळी दावे तोडून गेली, बोळातल्या लग्नाच्या मांडवात शिरली, तिने केळीच्या खांबाची पाने खाल्ली, नवरीचा मामा काठी घेऊन धावला आणि हा मध्ये पडून म्हणाला, “मामा, मुकी हाय ती, मला मारा.” खोलीतली सगळी पोरे हसून लोळली. मी त्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे लिहून घेत होतो. त्याचे बोलणे संपल्यावर मी त्याला ते वाचून दाखवले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, असलं लिहिलेलं चालतं व्हय?”

त्या ‘चालतं व्हय’मध्ये सगळे आले. त्याच्या डोक्यात लिहिण्याची भाषा म्हणजे कुणा दुसऱ्याची भाषा होती. घरात बोलतात ती अशुद्ध, ती वहीत आणायची नाही, हे त्याला बालवाडीपासून कळून चुकले होते. म्हणून लिहायला बसला की आधी स्वतःचे तोंड बंद करून घ्यायचा, आणि मग अर्थातच आत काही सापडायचे नाही. प्रमाणभाषा नको असे मी म्हणत नाही. अर्ज, परीक्षा, नोकरी सगळे तिच्यातच चालते आणि ती न देणे म्हणजे त्या पोराला फसवणे होईल. पण ती दुसऱ्या खेपेला. आधी शेळी कागदावर येऊ द्या, मग ‘हाय’चे ‘आहे’ करता येते; निवेदनात करायचे आणि मामाशी झालेल्या बोलण्यात तसेच ठेवायचे. हे एवढेसे त्याला पटले आणि तीन महिन्यांत तो दीड पान लिहू लागला. मी शिकवले असे काही नाही. आधी बोल, मग लिही, एवढीच युक्ती. ती कोणत्याही घरात करता येते. भाजी निवडता निवडता आई करू शकते, आणि तिला स्वतःला लिहिता येत नसले तरी करू शकते; तिने फक्त ऐकायचे असते आणि “मग काय झालं?” विचारायचे असते.

दुसऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र माझे चुकले, आणि ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही.

हा मुलगा बोलण्यात पटाईत. बुद्धिबळात आमच्या गावातल्या मोठ्यांना हरवणारा. डाव तोंडपाठ सांगे. लिहायला बसला की चाळीस मिनिटांत सहा ओळी. अक्षरे ओळीच्या खाली-वर, काही शब्द एकमेकांत घुसलेले, काहींची तोडमोड. एकच शब्द एका पानात तीन तऱ्हांनी लिहिलेला. पेन इतके दाबून धरी की मागच्या पानावर उठे, आणि दर दोन ओळींनी बोटे झटके. मी काय केले? माझ्या वडिलांनी जे मला केले तेच. “अक्षर सुधार. रोज एक पान शुद्धलेखन.” हो, तेच शुद्धलेखन, ज्याच्यावर मी वर दोन परिच्छेद खर्च केले. तीन शनिवार त्याने पाने आणली, चौथ्या शनिवारी तो आला नाही. पाचव्या शनिवारी त्याची आई आली. म्हणाली, “सर, रात्री अकरापर्यंत बसतो. हात दुखतो म्हणून रडतो. तुम्हाला सांगू नको म्हणाला.”

मला अतिशय शरम वाटली. हा आळस नव्हता. डोक्यातले शब्द बोटांपर्यंत पोहोचण्याच्या वाटेतच अडथळा होता. त्याला डिसग्राफिया म्हणतात. २००७ साली ‘तारे जमीन पर’ पाहून आपण सगळ्यांनी डोळे पुसले होते. मीही पुसले होते. थिएटरमधून घरी आलो आणि पुन्हा ‘अक्षर सुधार’ म्हणायला मोकळे झालो.

आपल्या लिपीचीही गंमत अशा मुलांच्या नजरेने पाहिली पाहिजे. ‘कि’ म्हणताना क आधी, इ नंतर. लिहिताना ती पहिली वेलांटी आधी येऊन उभी. ‘सूर्य’ म्हणताना र आधी येतो, लिहिताना तो य च्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘चक्र’मध्ये तो क च्या पोटात, ‘राष्ट्र’मध्ये ट च्या पायाशी. आपल्याला हे सवयीने दिसत नाही. ज्याच्या मेंदूत अक्षरांचे क्रम चटकन लागत नाहीत त्याला प्रत्येक शब्द म्हणजे एक कोडे. त्यावर ऱ्हस्व-दीर्घ. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी चार आले. हे अठरा नियम मला पाठ आहेत, मला ते आवडतातही. पण त्या नियमांच्या नावाखाली आपण किती मुलांचे तोंड बंद केले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. आता मी एका पानात एकाच प्रकारची चूक दाखवतो. या आठवड्यात फक्त शेवटच्या वेलांट्या. बाकीच्या दिसत असूनही गप्प बसतो. जुन्या शाखाधिकाऱ्याला हे किती जड जाते ते मलाच ठाऊक.

पण त्या मुलाचा प्रश्न वेलांट्यांचा नव्हता. आईला मी तपासणीचे सुचवले. इथून खरी यातायात सुरू झाली. डोळे, कान, बुद्ध्यांक, मग शैक्षणिक चाचण्या. एका दिवसात होणारे हे काम नाही. गावात सोय नव्हती. मोठ्या शहराच्या चार खेपा, प्रत्येक खेपेला वडिलांची एक दिवसाची मजुरी बुडालेली. महाराष्ट्राला या बाबतीत मागासलेले म्हणता येणार नाही. अध्ययन-अक्षम मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय आपल्या राज्याने १९९६ सालीच घेतला आणि मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी अशा मुलांची तपासणी वर्षानुवर्षे होते आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाच्या चाचण्या तयार केल्या, त्या मराठीतही आहेत. पण त्या पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी. म्हणजे प्राथमिक शाळेत जो सुटला तो सुटला. चौदाव्या-पंधराव्या वर्षी खेड्यातल्या मुलाचा हा प्रश्न आधी कुणाच्या लक्षात यायला हवा, मग त्याला शहर परवडायला हवे.

आणि घरचे तयार व्हायला हवेत. वडील म्हणाले, “अपंग म्हणून शिक्का मारून घेऊ का पोराला?” त्या माणसाला मी कायदा सांगितला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस झाले आणि त्यात अध्ययन-अक्षमता आली. फेब्रुवारी २०२१ मधल्या विकास कुमार खटल्याचे सांगितले. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या या उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला होता. चाळीस टक्के अपंगत्वाची अट पुरी होत नाही एवढ्या कारणावरून लेखनिक नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. त्याच वर्षी डिसग्राफिया असलेल्या एका मुलीला ‘नीट’ परीक्षेत तिच्या हक्काचा जादा तास मिळाला नाही. न्यायालयाने परीक्षा पुन्हा घ्यायला नकार दिला, पण झालेला अन्याय दूर कसा करायचा ते ठरवा, असे परीक्षा घेणाऱ्यांना बजावले. वडिलांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “कोर्टात जायचं म्हणता?” मी म्हटले, नाही हो, फक्त तासाला वीस मिनिटे जास्त आणि लिहायला एक मुलगा.

ते तयार कशाने झाले ते मला पक्के ठाऊक आहे. कायद्याने नाही. मी त्यांना एका सहकाऱ्याची हकिगत सांगितली.

आमच्या एका शाखेत एक कारकून होते. रोखीचा हिशेब चोख, ग्राहक त्यांच्यासाठी रांगेत थांबून राहत. पण साधे पत्र लिहायला दिले की दिवस घालवत आणि शेवटी कच्चा कागद चुरगाळून आणून देत. मी त्यांचा गोपनीय अहवाल सलग दोन वर्षे लिहिला. ‘मसुदालेखन कच्चे. बढतीस अद्याप योग्य नाही.’ त्यांची बढती राहिली ती राहिलीच. पुढे त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाला मी गेलो. कागद हातात न घेता ते वीस मिनिटे बोलले. शाखेचा तीस वर्षांचा इतिहास, प्रत्येक शिपायाचे नाव, १९९३ च्या भूकंपानंतरची गर्दी, पुराच्या दिवसांत सांभाळलेली रोकड. लोकांच्या डोळ्यांत पाणी होते. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. मला त्या दोन अहवालांतली माझी सुबक वाक्ये आठवत होती. नंतर ते माझ्याशी हसून बोलले. त्यांच्या मनात काही नव्हते, की होते आणि त्यांनी दाखवले नाही, हे मला कधी कळले नाही.

मुलाचे वडील उठताना एवढेच म्हणाले, “कधी जायचं ते सांगा.”

प्रमाणपत्र मिळाले. लेखनिक म्हणून नववीतला मुलगा मिळाला. तेव्हा कळले की लेखनिकाला सांगणे हीसुद्धा एक विद्या आहे. हा भरधाव बोले, तो मागे राही. मग शनिवारी दोघांना समोरासमोर बसवून सराव. वाक्य आधी मनात पुरे कर. मग तीन तुकड्यांत सांग. ‘पूर्णविराम’ म्हण, ‘नवा परिच्छेद’ म्हण. लिहिलेले परत वाचून घे. यात एक अनपेक्षित गोष्ट झाली : त्याची वाक्ये सुधारली. कादंबरीकाराला जे वर्षानुवर्षे घासून येते ते, वाक्य संपेपर्यंत डोक्यात धरून ठेवणे, या पोराला गरजेने आले.

मोबाइलबद्दल दोन शब्द, कारण पालक तेच आधी विचारतात. करोनाच्या काळात शाळा बंद राहिल्या आणि हाताची सवय गेली हे तर मंडळानेही मानले. २०२२ च्या परीक्षेत मोठ्या पेपरांना अर्धा तास वाढवून दिला तो त्यामुळेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि आता माझ्या खोलीत निर्दोष मराठीतले निबंध येतात. एका मुलीने आणलेल्या निबंधात ‘अविभाज्य घटक’ होता. मी विचारले, म्हणजे काय गं? ती हसली, मी हसलो. मार्गदर्शकाने जे काम तीस वर्षे केले तेच हे यंत्र जास्त सफाईने करते आहे, तेव्हा एकाएकी गळा काढण्याचे कारण नाही. पण त्याच मोबाइलवर बोललेले मराठी अक्षरात उमटते, आणि बुद्धिबळवाल्या मुलाने त्यावर आपल्या डावांची वही तयार केली आहे. तुमचे बोलणे कागदावर उतरवून देणारा मोबाइल आणि तुमच्याऐवजी बोलणारा मोबाइल, यांतला फरक मुलाला दाखवून द्यावा लागतो. बंदी घालून तो दिसत नाही.

मुलांना ‘काय लिहू?’ हा प्रश्न बहुधा पडतो तो ‘कुणाला लिहू?’ हे माहीत नसल्यामुळे. ‘माझा आवडता ऋतू’ हा निबंध जगात कोणालाही वाचायचा नसतो. लिहिणाऱ्याला नाही, तपासणाऱ्याला तर नाहीच. म्हणून मी विषय देणे बंद केले आहे. कुणाला काही सांगायचे राहिले आहे का, एवढे विचारतो. कोणी मुंबईला असलेल्या भावाला लिहितो, कोणी शेजारच्या काकूंना, त्यांच्या कुत्र्याबद्दल. एक नववीतली मुलगी, जी महिनाभर तोंड उघडत नव्हती, तिने विचारले, “मुख्याध्यापकांना लिहिलं तर चालंल?” मी म्हटले, लिही. तिने अर्धा तास घेतला. पत्र असे होते : मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही. एक मैत्रीण बाहेर उभी करावी लागते. म्हणून आम्ही दिवसभर पाणी पीत नाही. कृपया कडी लावावी.

चार वाक्ये. ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका होत्या, त्या तिनेच शोधल्या. खाली सात मुलींनी सह्या केल्या. सोमवारी पत्र दिले, एका प्रतीवर शाळेचा शिक्का मारून आणला. तो ‘पोच’चा शिक्का खोलीत सगळ्यांनी हाताळून पाहिला. आठ दिवसांनी कडी बसली. त्या शनिवारपासून ती वही उघडून बसते तेव्हा “काय लिहू?” विचारत नाही.

घरातही हे होऊ शकते. दिवाळीला मामाला येण्याचे निमंत्रण, फ्रीज बिघडला तर दुकानदाराला तक्रार, शाळेला रजेचा अर्ज, ही पत्रे आपण मोठी माणसे हौसेने स्वतः लिहून टाकतो. ती पोरांना द्यावीत. चुका होतील. दुकानदार काही गुण कापत नाही.

बुद्धिबळवाल्या मुलाची दहावी झाली. मराठीच्या पेपराला मी केंद्राबाहेर चिंचेखाली त्याच्या वडिलांबरोबर बसलो होतो. इतर मुले बाहेर पडली, रिक्षा भरून गेल्या, पटांगण रिकामे झाले. हे दोघे जादा वेळ संपल्यावर आले. दहावीवाला शिट्टी वाजवत. मागून नववीतला लेखनिक, उजवा हात डाव्या हाताने चोळत.

“काय रे, कसा गेला?” मी विचारले.

नववीतला म्हणाला, “सर, ह्यो थांबतच न्हवता. तीन पुरवण्या. इंग्रजीच्या पेपराला दुसरं कोन तरी बघा.”

वडील उठले आणि दोघांना समोरच्या गाड्यावर उसाचा रस प्यायला घेऊन गेले.